शुभेच्छुकांच्या गर्दीत नसलेलं नाव

दादासाहेब भगत यांची गोष्ट बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत आता सगळ्यांना पाठ आहे. सांगवी पाटणचा आयटीआय झालेला मुलगा. पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये ९,००० रुपये पगारावर चहापाणी, साफसफाई बघायचा. पुढे स्वतःची कंपनी, आणि ‘शार्क टँक’मध्ये १० टक्के हिश्श्यासाठी गुंतवणूकदार अमन गुप्तांचे १ कोटी रुपये. भाषणांत या गोष्टीची दोन टोकं सांगितली जातात. घरबसल्या डिझाइनची कामं मिळवू पाहणाऱ्या पोरांना मी मात्र मधला भाग सांगतो, कारण पोर्टफोलिओ तिथे तयार झाला.

ॲनिमेशन शिकून नोकरी लागल्यावर एकेका इफेक्टला लागणारा वेळ त्यांना खुपू लागला. तेच तेच पुन्हा करण्यापेक्षा एकदा बनवून पुन्हा वापरावं, म्हणून त्यांनी टेम्प्लेटचा संग्रह सुरू केला. मग अपघात झाला आणि घरात पडून राहावं लागलं. एरवी अशा गोष्टी इथेच थांबतात. भगतांनी संगणक भाड्याने आणला, नोकरी सोडली आणि संग्रह वाढवत राहिले. ते टेम्प्लेट कोणत्याही गिऱ्हाइकाने सांगितलेले नव्हते, त्यांच्यावर कोणाचं करेक्शन आलेलं नव्हतं. आणि नेमकं तेच विकलं गेलं! २०१५ च्या आसपास ‘नाइन्थ मोशन’ ही त्यांची कंपनी उभी राहिली ती या न मागितलेल्या कामाच्या जोरावर.

टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हाचा टेकडीवरच्या गोठ्यात थाटलेल्या ऑफिसचा किस्साही सर्वांनी वाचला आहे. फोटो पाहून लोक हळहळले, कौतुक करू लागले. आम्हा धंद्यातल्या लोकांना त्यात वेगळीच गोष्ट दिसली : गोठा निवडला होता रेंजसाठी. मोबाइलचं नेटवर्क तिथे चांगलं मिळत होतं, म्हणून कंपनी तिथे गेली आणि गावातल्या मित्रांना तिथेच काम शिकवलं गेलं. गुरांच्या शेजारी बसून फाइल वेळेवर गेली, तर घेणाऱ्याला गोठा दिसत नाही.

बीडमध्ये काम नाही, असं नवीन मुलं म्हणतात. मी इथल्या फ्लेक्सच्या आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत बराच काळ काढला आहे, त्यामुळे मला ते पटत नाही. काम ढिगाने आहे. नाव मात्र कुठेच नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो, त्याखाली शुभेच्छुकांची रांग, सगळ्यात खाली मोबाइल नंबर. डिझाइन करणारा कुठेही नसतो. एकदा एका तालुक्याच्या दोन कार्यकर्त्यांमध्ये कोणाचा फोटो मोठा यावरून रात्रभर करेक्शन चालली. हा वर गेला की त्याचा फोन, तो वर गेला की याचा. पहाटे आमच्या दुकानातल्या मुलाने दोघांची डोकी एका मापाची केली, एकाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे बसवलं आणि दोघांनाही ‘तुम्ही साहेबांच्या जास्त जवळ आहात’ म्हणून सांगितलं. पुढे पुण्याच्या एका शाळेला स्मरणिकेसाठी माणूस हवा होता. या मुलाने तोच फ्लेक्स नमुना म्हणून पाठवला. एवढे चेहरे एका चौकटीत कोणाला न दुखावता बसवणारा माणूस त्यांना हवाच होता.

गेवराईकडच्या एका मुलीची पहिली फाइल तर उघडताच फसली. तिने श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच पाठवला, समोरच्याकडे तो फॉन्ट नव्हता. तिच्या सुंदर मांडणीत ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तिने रडवेल्या आवाजात मला फोन केला. तासाभराने तिने मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा पाठवला, सोबत चूक कशी झाली तेही लिहिलं. समोर प्रकाशक होता आणि त्याच्याकडे अशाच जुन्या फाइलींची कपाटं पडून होती. डिझाइनचं काम तिला नंतर मिळालं. आधी वर्षभर फाइली बदलून देण्याचं मिळालं.

सगळेच किस्से असे गोड होत नाहीत. एका मुलाने उतरवून घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये फक्त नावं बदलली आणि लग्नाचा व्हिडिओ स्वतःचा म्हणून दाखवला. काम देऊ पाहणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘या फुलांचा रंग बदलून दाखवता?’ मूळ फाइल त्याला उघडताच येईना. बाईंनी रागावण्याऐवजी स्वतःचा जुना फोल्डर उघडला. त्यात तेच टेम्प्लेट होतं. काम त्याला दिलं नाहीच. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्या मुलाला तो झोंबला याचा आनंदही आहे, कारण त्यानंतर त्याने मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पहिल्या फ्रेमपासून स्वतः बांधला. आता त्याच्याकडे दाखवायला तेवढी एकच गोष्ट आहे, पण तिच्यातला कोणताही रंग तो बदलून देतो.

फ्लेक्सच्या दुकानांतला सर्वांत कडक नियम म्हणजे फाइल घरी न्यायची नाही. एका मालकाने तर पेन ड्राइव्ह काउंटरवर जमा करून घ्यायला सुरुवात केली होती. तिथला मुलगा मग छपाई होऊन गेल्यावर चौकात जायचा, लागलेल्या फ्लेक्सचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तारीख, माप, आपण काय केलं हे वहीत लिहायचा. मालकाला ते वेड वाटे. उन्हाळ्यात एका संध्याकाळी व्होल्टेज वाढलं आणि दुकानाची हार्ड डिस्क गेली. बॅकअप कुणीच घेतला नव्हता. पुढच्याच आठवड्यात एक जुना ग्राहक ‘गेल्या वर्षीसारखंच पाहिजे’ म्हणत दारात उभा. मालकाने त्या मुलालाच फोटो मागितले. त्याने दिले, पण आधी एक अट घातली : यापुढे स्वतः केलेल्या प्रत्येक कामाची प्रत तो घरी नेणार. त्याच दिवशी मालकाने काउंटरवरचे पेन ड्राइव्ह परत केले.