आधी जुनेर पाहिजे

पितृपंधरवडा सरत आला, की कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत धुण्याची एकच धांदल उडते. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण पाण्यातून निघालं पाहिजे. पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठाला टेम्पो लागतात, त्यातून वाकळांचे, म्हणजे जाड गोधड्यांचे गठ्ठे उतरतात आणि दुपारपर्यंत काठावरचे खडक, कुंपणं, उसाच्या बांधावरची झुडपं रंगीबेरंगी होऊन जातात. ओली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून पिळायला बघतात आणि शेवटी तशीच निथळती पसरून उन्हाच्या हवाली करतात.

वाकळेवर लिहायला बसलं की आजीची ऊब, मायेचे टाके असले शब्द आपसूक पुढं येतात. मला त्यांचा कंटाळा आला आहे. वाकळ शिवायला बसलेली बाई आधी हिशेब करते. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. ते लांबीत चारपदरी घातलं की दोन मीटरचे चार थर होतात. पण पन्हा मीटर-सव्वा मीटरचा, म्हणजे एका माणसापुरता. दोघांची वाकळ हवी तर दोन लुगडी शेजारी-शेजारी जोडायची. पोटात काय जाईल याला फारसा धरबंध नाही: विरलेलं धोतर, फाटका लेंगा, पोरांचे आखूड झालेले सदरे, सगळं उसवून सपाट केलेलं. मात्र वरच्या आणि खालच्या थराला धड कापड लागतं. कारण अंगाला तेच लागणार आणि लोकांना दिसणारही तेच.

हे काम उन्हाळ्याचं. साखर कारखान्यांचा हंगाम संपलेला, शेतात तातडी नाही, आणि पावसाळा तोंडावर आलेला. सोप्यात सगळे थर एकावर एक अंथरतात, हातानं सुरकुत्या काढतात, मग लांब-लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना जखडतात. पक्की शिवण कडेपासून सुरू होते. चारी बाजूंनी धावदोऱ्याची एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, मग तिसरी, असं करत मध्यापर्यंत. शिवणाऱ्या बायका वाकळेवरच बसतात. त्यात सोय असते तशी युक्तीही असते, अंगाच्या भारानं खालचे थर सरकत नाहीत. तरी प्रत्येक फेरीबरोबर थोडी ढिलाई आत ढकलली जातेच. ती वेळीच हातानं मोडली नाही तर शेवटी मधोमध फुगा येतो आणि तो जन्मभर राहतो. नवखीची वाकळ त्या फुग्यावरून कळते. चौघी मिळून शिवत असतील तर चार बाजूंचे टाके चार तऱ्हांचे पडतात, एकीचे बारीक, एकीचे लांब. ते कुणी उसवायला लावत नाही.

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्यानं जोडायची ही रीत आपली एकट्यांची नाही. बंगालचा कांथा असाच जुन्या साड्यांचा, त्याचा रंगीत दोराही पूर्वी साडीच्या काठातून उपसून काढत. बिहारातली सुजनी नवजात बाळाला गुंडाळण्यासाठी शिवली जाई. इथून खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही कडेपासून आत. तिच्या चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते. या सगळ्याजणींनी एकमेकींचं बघून केलं असेल असं मला वाटत नाही. हाताशी जुनं सुती कापड असलं की शहाणा हात बहुधा त्याच वाटेनं जातो.

जुनं कापड नव्यापेक्षा मऊ, हे सगळ्यात आधी कळतं ते बाळंतिणीच्या खोलीत. नव्या कापडाला खळ असते, ती पहिल्या आंघोळीनंतरच्या कातडीला टोचते. म्हणून बाळाला पहिलं लावायचं ते जुन्या लुगड्याचं दुपटं, असा घरोघरचा शिरस्ता. बाळंतविड्यातली नवी झबली, टोपडी नंतर, बारशाच्या सुमाराला अंगावर चढतात. बाळंतविडा शिवणारीची अडचण मोठी मजेशीर असते. ज्याच्यासाठी शिवायचं तो अजून जन्मालाच आलेला नसतो. माप घ्यायचं कुणाचं? मग सगळा कारभार अंदाजानं चालतो. माया भरपूर सोडायची. बटणाऐवजी बंद लावायचे, म्हणजे पोर अंगानं भरलं की गाठ सैल करून आणखी महिना-दोन महिने झबलं चालतं आणि बटण तोंडात जायची भीती राहत नाही. अनुभवी हात झबल्याच्या शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवतो. बघायला उलटं दिसतं, पण बाळाच्या काखेत दोरा रुतत नाही.

या सगळ्यात मानाची वस्तू कुंची. डोक्यावर घट्ट बसणारं टोपडं आणि मानेपासून पाठीवर पार खाली सोडलेला घोळ, हे दोन्ही एकत्र. मानेपाशी चुण्या, कडेला गोट किंवा झालर, हनुवटीखाली बंद. कापड खणाचं, आणि तो खण बहुतेक वेळा गुळेदगुड्डचा, म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या मागांवरचा. इथं मात्र जुनं चालत नाही, खण नवाच लागतो. सगळं कसब काठ कपाळावर बरोबर आणण्यात आहे. काठ जरा वर सरकला तर कुंची कुणा दुसऱ्याची घातल्यासारखी दिसते. आतून मात्र मलमलीचं जुनं अस्तर लावतात, म्हणजे जुनेर, वापरून मऊ झालेलं कापड, इथंही शिरतंच. त्यानंतर येते ती पहिली संक्रांत. काळ्या कापडाचं झबलं, त्यावर शोभणारे हलव्याचे दागिने आणि बोरन्हाण. ते झबलं वर्षातून एकदाच लागतं, तरी ते शिवण्यात आत्या, मावशी, काकू यांच्यात चढाओढ असते.

घरच्या शिवणकामात लग्नाचं रुखवतही येतं, पण त्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नवरीकडच्यांनी केलेले कशिद्याचे टेबलक्लॉथ, मण्यांची तोरणं, कापडी बाहुल्या मांडवात टेबलावर तासभर मिरवतात आणि मग माळ्यावर जातात. मेहनत खरी, पण वस्तू वापरायच्या नसतात. त्यापेक्षा हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटलेली साधी दुहेरी शिवलेली पिशवी बरी. ती पुढं वर्षभर भाजी आणते.

घरातल्या शिवणटिपणाची खरी परीक्षा शाळेच्या स्नेहसंमेलनात होते. आदल्या रात्री आठ वाजता पोर सांगतं, की उद्या मी मावळा आहे. ड्रेपरीवाल्याकडं जावं तर पोराच्या मापाचा अंगरखा कधीच गेलेला असतो आणि उरलेला असतो तो चकचकीत साटीनचा. साटीनचा मावळा मला बघवत नाही. मग आजोबांचं जुनं धोतर निघतं. बाराबंदीला नावाप्रमाणे बारा बंद हवेत, पण नाटुकल्यापुरतं चारांवर भागतं. आणि बंद असले की माप चुकलं तरी खपतं, अगदी झबल्यासारखं. चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं धोतर रंगमंचाच्या दिव्याखाली असं काही मातकट दिसतं, की मावळा खरोखर गड उतरून आल्यासारखा वाटतो.

कोल्हापूरला पोशाखाचं वेड तसं जुनंच. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पुढं बाबूरावांनी ‘सैरंध्री’पासून, म्हणजे १९२० पासून, कोल्हापुरात सिनेमा उभा केला. १९२९ साली इथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, आणि त्याच वर्षी चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्यांच्या घरी भानुमती जन्मली. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत ती चित्रकला शिकली, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढू लागली आणि तिथून सिनेमात गेली. ‘ब्रह्मचारी’त मुमताजनं नेसलेली, चेन लावून चढवायची शिवलेली साडी तिची. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलोबरोबर ऑस्कर मिळवणारी भानू अथैया ती हीच, ऑस्कर घेणारी पहिली भारतीय. आयुष्याच्या अखेरीस, २०१२ मध्ये, तिनं ते सांभाळायला म्हणून अकादमीकडंच परत दिलं. एवढ्या मोठ्या बाईला धोतर चहात बुडवणाऱ्या आईच्या पंगतीला बसवण्यात थोडा आगाऊपणा आहे, हे मान्य. पण सिनेमाच्या कपडेपटात कोऱ्या कापडाला मुद्दाम मळवून, विरवून जुनं करावं लागतं. घरात ते आयतं मिळतं.

आता मशीनबद्दल. झबलं, कुंची, अंगरखा, पिशवी हे सगळं गेली कित्येक वर्षं मशीनवरच होतं आहे. सिंगरची हातमशीन, मग उषाची पायमशीन, आता विजेच्या मोटरवाली. यंत्रांवर नाराज असलेल्या गांधीजींनी १९२४ च्या एका संवादात शिवणयंत्राला सूट दिली होती. बायकोचे कष्ट बघून सिंगरनं ते तयार केलं, अशी त्यांची समजूत होती. गोष्ट गोड आहे, पण १८५१ मध्ये पेटंट घेणाऱ्या आयझॅक सिंगरचा चार-पाच घरांत विखुरलेला आणि वीसाहून जास्त पोरांचा संसार बघता ती खरी मानणं कठीण. शिवाय दुहेरी टाक्याच्या यंत्राचं पेटंट त्याच्याआधी, १८४६ मध्ये, एलियास होवनं घेतलं होतं. ते काहीही असो, वाकळेपुढं घरची मशीन हात टेकते. आठ-दहा थरांची गुंडाळी तिच्या मानेखालून सरकत नाही, सरकलीच तर सुई मोडते. शिवायचीच तर थर कमी करावे लागतात, आणि मग जे तयार होतं ते चादरीच्या जवळचं. टीप सरळ, एकसारखी. कापड मात्र पत्र्यासारखं ताठ. हाताचा धावदोरा थरांना एकमेकांवर किंचित सरकू देतो, मशीनची टीप देत नाही.

वाकळ शिवणारे हात संपत चालले, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. पैसे घेऊन वाकळा शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत, आणि परगावी गेलेल्या लेकीसुना हौसेनं करून घेतात. संपत चाललं आहे ते जुनेर. रोज नऊवारी नेसणारी पिढी उठून चालली. तिच्या नंतरच्या पिढीनं साडेपाच मीटरची सिंथेटिक साडी नेसली, त्यापुढची ड्रेस घालते. सिंथेटिक साडी विरत नाही, मऊ होत नाही, घाम शोषत नाही; सुई तिच्यावरून घसरते आणि थर एकमेकांवरून. लांबीचं गणितही बिघडतं, कारण तिच्यातून दोन मीटरला कमी पडणारे जेमतेम तीनच थर निघतात. २०१९ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं घरंच्या घरं पाण्याखाली गेली, तेव्हा ट्रंकांत जपलेली उरलीसुरली लुगडीही गाळात गेली. नवं पांघरूण बाजारात मिळतं. वीस वर्षं नेसलेलं लुगडं मिळत नाही.

आणि हे सगळं कुठं, तर कापडाच्या मुलखात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये गिरणी घातली. ती गिरणी बंद पडली, इचलकरंजीचे माग चालू आहेत. सुती कापड आजही मीटरवर हवं तेवढं मिळतं, पण कोऱ्या कॅम्ब्रिकची वाकळ पहिली दोन वर्षं नुसती कुरकुरते.

त्यामुळं गिऱ्हाईक दर विचारतं, तेव्हा शिवणारी आधी उलट विचारते, कापड कुठलं आहे? मग गठ्ठा सोडून बसते. चिमटीत धरून प्रत्येक साडी चोळून बघते, सुती एका बाजूला, बाकीचं दुसऱ्या. सुती ओढण्या, जुन्या चादरी, पांढरे लेंगे यांना आता मान आला आहे. सिंथेटिक साड्या ती परत करत नाही. त्या पोटात घालते, वर आणि खाली सुती लावते, आणि थर घसरू नयेत म्हणून फेऱ्यांमधलं अंतर बोटाऐवजी अर्ध्या बोटावर आणते. टाके दुप्पट होतात, आणि दर सांगते तो त्याच हिशेबानं.