तुरा पाहून गवत ओळखा

पावसाळा सरत आला, भादवा लागला की माळावरचे गवत गुडघ्याला लागते आणि त्याला तुरे येऊ लागतात. एस.टी.च्या खिडकीतून पाहिले तर सारे एकच गवत दिसते. ‘गवतात काय पाहायचे?’ असे कोणीही म्हणेल. परंतु वाचक बंधु-भगिनींनो, आमच्या घरी एके काळी संध्याकाळची चूल या गवताच्या ओळखीवरच पेटत असे. म्हणून आज थोडे गवताविषयी.

आमचे बालपण सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात गेले. घरची जमीन नव्हती. आई गायरानातले, बांधावरचे गवत कापायची, भारा बांधायची आणि डोक्यावरून तालुक्याच्या बाजारात नेऊन विकायची. एका वर्षी दिवाळीनंतर ती तापाने अंथरुणाला खिळली. तेव्हा आम्ही दोघे बहीणभाऊ विळे घेऊन माळावर गेलो. उंच, दाट, तांबूस गवत दिसले. दोन भारे झटपट झाले. आम्हाला कोण आनंद! बाजारात एका गोठेवाल्याने भाऱ्यात हात घातला आणि चटका बसावा तसा मागे ओढला. “ही तर सगळी कुसळं! माझ्या म्हशीचं तोंड फाडायचंय का?” असे म्हणून तो पुढे गेला. दुसऱ्या कोणीही ते भारे घेतले नाहीत. त्या रात्री आमच्या घरी भाकरी झाली नाही.

आई रागावली नाही. ती उठून बसली, आमच्या सदऱ्यात रुतलेले एक कुसळ तिने उपसून काढले आणि चिमणीच्या उजेडात धरले. म्हणाली, “आरं, पान बघून गवत वळखत न्हाईत. पान समद्यांचं सारकंच. तुऱ्याकडं बघायचं.”

आमच्या आईला सही करता येत नव्हती. पुढे बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकू लागली, तेव्हा तिच्या पुस्तकातही हेच निघाले. ब्लॅटर आणि मॅककॅन या दोन अभ्यासकांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा मोठा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही गवत ओळखण्याची मुख्य खूण पान नसून तुरा हीच आहे. शास्त्रज्ञांनी भिंगातून जे पाहिले, ते भारे वाहणाऱ्या बायांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिले होते.

आधी गवत आहे का ते पाहा

ज्वारी, बाजरी, गहू, भात, नाचणी, ऊस, एवढेच काय, बांबूसुद्धा गवताच्याच कुळातला आहे. जगात या कुळाच्या ११ हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या भाषेत तुऱ्यांना किती नावे आहेत पाहा. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, ज्वारीचे कणीस, उसाचा तुरा. ज्यांनी ही वेगवेगळी नावे ठेवली त्यांना फरक दिसत होता.

पण गवतासारखे दिसणारे सारेच गवत नसते. लव्हाळा घ्या. त्याची दांडी दोन बोटांत फिरवून पाहा. ती तीनधारी लागते, आत भरीव असते आणि तिला पेरे नसतात. खऱ्या गवताची काडी बहुधा गोल असते आणि तिच्यावर उसासारखी पेरे असतात. एवढी एक परीक्षा केली तरी निम्मा घोटाळा मिटतो.

तुऱ्याची घडण

गवताच्या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात. त्याचे पराग वाऱ्यावर उडतात, मग फुलपाखराला बोलावण्याची गरज काय? फूल तुसांच्या आत दडलेले असते. तळाशी बहुधा दोन तुसे, त्यावर आणखी दोन तुसांच्या ओंजळीत एक फूल, अशी ही छोटीशी पुडी असते. कधी एका पुडीत एकच फूल असते, तर कधी अनेक. शास्त्रात या पुडीला ‘कणिशक’ म्हणतात. भात कांडताना जे तूस निघते, ते म्हणजे दाण्याला मिठी मारून बसलेली वरची दोन तुसेच. सकाळच्या वेळी साधे भिंग घेऊन पाहिले तर तुसांबाहेर लोंबणारे परागकोश आणि पिसासारखे दोन केसाळ तंतू दिसतात. काही तुसांच्या टोकाला लांब केस असतो. तेच कुसळ.

तुरा हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. तुऱ्याची बांधणी कशी आहे : पंजासारखी, एकाच शेपटीसारखी की मोकळी पसरलेली? कणिशके एकेकटी आहेत की जोडीजोडीने? कुसळ आहे का, आणि असल्यास कसे?

पंजाचे तुरे

अंगणातली हरळी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या बारीक काडीच्या टोकाला एकाच ठिकाणाहून तीन ते सहा बोटे फुटतात. बोटाच्या एकाच बाजूला कणिशकांच्या दोन रांगा असतात, प्रत्येकात बहुधा एकच फूल, आणि कुसळ नसते.

तिच्याशेजारी रस्त्याकडेला असाच पण जाड पंजा दिसतो. त्याचे एखादे बोट बाकीच्यांपेक्षा थोडे खाली फुटलेले असते. एकेका कणिशकात अनेक फुले असतात आणि बुडखा चपटा असतो. ही नाचणीची रानातली नातलग. पंजाची बोटे आखूड, जाड, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला उघडी टोकदार दांडी पुढे आलेली असेल, तर ते कावळ्याच्या पायासारखे दिसणारे तिसरेच गवत. बोटे जांभळी आणि केसाळ, हात फिरवला तर रेशमासारखी लागली, तर ते चौथे. रेल्वेच्या रुळांकडेला, चाळींच्या मागच्या पडीक जागेत हे चौथे गवत हमखास सापडेल. मुंबईच्या वाचकांना ते पाहायला माळावर जायला नको.

आणि आता मारवेल. आईचे सर्वांत लाडके गवत. त्याचीही फिकट जांभळी बोटे जवळजवळ येतात, परंतु कणिशके जोडीने असतात. जोडीतले एक दांडीला चिकटून बसलेले, त्याला कुसळ. दुसरे देठावर, ते बिनकुसळाचे. खात्री करायची तर काडीचे पेर पाहा. पेराभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. मारवेलचा भारा बाजारात टेकवायचा अवकाश, तो उचलला जाई. चाऱ्याला मऊ, चवीला गोड, जनावरे बुडख्यापर्यंत खातात.

कुसळी आणि पवना

ज्याने आमचे भारे परत आले ती कुसळी. तिचा तुरा एकटाच असतो. खालच्या जोड्या बिनकुसळाच्या, वरच्या जोड्यांना लांब, काळसर तपकिरी कुसळे. पिकल्यावर ही कुसळे एकमेकांत पिळली जाऊन वेणीसारखी गाठ बनते. बियाचे बूड सुईसारखे टोकदार आणि त्यावर उलट्या दिशेचे तांबूस केस, त्यामुळे एकदा रुतले की मागे येत नाही. मेंढीच्या लोकरीतून ते कातडीत शिरते, जनावराच्या तोंडात जखमा करते.

पण कुसळीला शिव्या देण्याआधी एक गंमत करून पाहा. पिकलेले कुसळ पाण्यात बुडवून टेबलावर ठेवा. ते आपोआप फिरू लागेल. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत पेरून घेते. (लहान मुलांनी हे मोठ्या माणसांसमोर करावे, डोळ्यांजवळ नेऊ नये.)

पवन्याचा तुराही एकटाच, जोडीच्या कणिशकांचा. नवखा माणूस त्याला कुसळी समजतो. परंतु त्याची कुसळे बारीक आणि सुटी असतात, त्यांची पिळून गाठ होत नाही, आणि तुसांवर ठळक हिरव्या रेघा दिसतात. पवना हा उत्तम चारा आहे. म्हणजे दिसायला बहिणी, पण एकीचा भारा विकतो आणि दुसरीचा परत येतो!

आईने दुसरी गोष्ट सांगितली ती वेळेची. कुसळीसुद्धा कोवळी असताना, तुरा येण्याआधी कापली तर जनावरे खातात. तुरा नुकता बाहेर पडत असतानाचा चारा कसदार असतो. बी भरले की काडी ताठ आणि निकस होते. म्हणजे तुरा नाव सांगतो आणि कापणीची तारीखही सांगतो.

केसाळ शेपट्या, मोकळे तुरे आणि भातातले सोंग

काही तुरे मांजराच्या शेपटीसारखे केसाळ असतात. यांची परीक्षा सोपी आहे. पिकलेला तुरा हातावर चोळा. दाणे पडले आणि केस दांडीलाच राहिले, तर ते राळ्याच्या भाऊबंदांपैकी. केसांसकट दाणा गळाला, तर ते अंजनासारखे गवत. अंजन हाही नावाजलेला चारा आहे.

मोकळ्या, पसरट तुऱ्यात चपटी कणिशके असतील, आणि दोन्ही बाजूंनी तुसे वेणीसारखी गुंफलेली असतील, तर त्याच वंशातल्या एका गवताचे ‘टेफ’ नावाचे धान्य इथिओपियात रोजच्या जेवणात असते. आपल्याकडे तण, तिकडे अन्न!

भातखाचरात सावा-जातीचे एक तण कोवळेपणी हुबेहूब भातासारखे दिसते. बेणणी करणाऱ्या बाया पान खोडाला मिळते तिथे पाहतात. भाताला तिथे पातळ पापुद्रा असतो, या तणाला नसतो. लोंबी आली की फरक उघडच होतो. तणाच्या तुऱ्यात आखूड कणसे दांडीवर एकावर एक अंतराने बसलेली, दाणे टपोरे आणि एका बाजूने चपटे. हिमालयाच्या डोंगरी भागात पिकणारे सावा धान्य याच तणापासून माणसाने घडवले.

आणि तुरा पाहूनही मन डळमळले तर नाकाला विचारा. तांबूस पानट्यांतून इंग्रजी ‘व्ही’सारखी जोडकणसे बाहेर आली आणि पान चुरगळल्यावर सुवास आला, तर ती तिखाडी, म्हणजेच रोशा गवत. खानदेशात याचे तेल काढत असत.

माळाची तब्येत

दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ प्रदेशांची पाच भागांत विभागणी मांडली. त्यात आपल्या दख्खनच्या पठाराला त्यांनी नाव दिले ते पवना आणि मारवेल यांच्या वंशांचे. आईच्या दोन लाडक्या गवतांचे! जिथे ही गवते टिकून आहेत तो माळ निरोगी. अति चराई झाली, वरचेवर वणवे लागले की ती मागे हटतात आणि कुसळी पसरते. गावाच्या गायरानात यंदा कोणते तुरे जास्त दिसतात हे जो ओळखतो, त्याला त्या जमिनीवर काय बेतले आहे तेही कळते. शेळ्यामेंढ्यांवर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी ही पोटापाण्याची माहिती आहे.

आमची आई आज नाही. तिला पंचवीस-तीस गवते नावानिशी ठाऊक होती. त्यातली दहा-बारा नावे आम्ही लिहून घेतली, बाकीची तिच्याबरोबर गेली. ही चूक आपण करू नये. येत्या रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडा. पाच वेगवेगळे तुरे आणा, वर्तमानपत्रात दाबून वाळवा, वहीत चिकटवा. शेजारी बांधणी, जोडी, कुसळ या तीन गोष्टी लिहा, तारीख आणि जागा लिहा. मग ती वही आजीपुढे ठेवा. तिने एखादे जरी नाव सांगितले, तरी ते तिच्याच शब्दात लिहून घ्या, आणि त्याखाली सांगणारी म्हणून तिचेही नाव लिहा.