डोके सांभाळा



आमच्या धामणगाव बढेजवळ अजिंठ्याचे डोंगर आहेत. उतारावर सायकल सोडायला लई मजा येते. दिवाळीत मी तशीच सोडली. गिट्टीवर चाक घसरले अन् मी आपटलो. गुडघा फुटला. मित्राने जखमेवर माती टाकली.

आई म्हणाली, "माती कायले टाकली रे? धनुर्वात होईल ना!" तिने हात साबणाने धुतले, जखम स्वच्छ पाण्याने धुतली, धुतलेले फडके दाबून धरले. रक्त थांबले. मग दवाखान्यात सुई दिली.

डोक्याला मार लागला तर रक्त न दिसताही आत इजा होते. उलटी, चक्कर किंवा गुंगी आली तर लगेच १०८ नंबरला फोन करावा.

हेल्मेटमध्ये थर्माकोलसारखा थर असतो. पडल्यावर तो दबतो, डोक्याला धक्का कमी बसतो. पट्टा मात्र बांधलाच पाहिजे. नाशिकचे डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेतली मोठी सायकल शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत हेल्मेट घालावेच लागते.

आमच्या घरी मोटारसायकलचे हेल्मेट खुंटीवरच असते. बाबा, तुम्ही हे वाचले तर उद्यापासून ते घाला.