तरफेची रायफल: तेल, पाणी आणि गज

मागच्या व्याख्यानात आपण ‘वाटणं’ आणि ‘असणं’ यांतला फरक पाहिला. आज त्याचं उदाहरण घेऊ, वर्गात सहसा न येणारं. अमेरिकेत मुलीकडे मुक्कामाला असताना शेजारच्या एका शिकाऱ्याला आम्ही रायफल साफ करताना पाहिलं. हरणांचा हंगाम संपलेला, त्यातले चार दिवस पावसात गेलेले. रायफल मार्लिन ३३६. चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर आणली की झाडलेलं काडतूस बाहेर पडतं, नवं आत चढतं. ही कडी म्हणजेच तरफ. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८९४ याच जातीची.

त्याने तरफ चारदा हलवली, चार काडतुसं पडली. पाचव्यांदा काही आलं नाही. आम्ही म्हणालो, “झाली रिकामी.” तो नुसता हसला. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात; मागून स्प्रिंग ढकलते. तिथे घाण साचली की एखादं अडकतं. त्याने बॅटरी मारून पाहिलं, स्प्रिंगपुढचा दट्ट्या दिसेना. पुन्हा तरफ हलवत राहिला आणि पाचवं काडतूस टेबलावर पडलं. आम्ही दोन पावलं मागे सरकलो, हे कबूल करतो.

मग एक स्क्रू काढून त्याने तरफ आणि बोल्ट वेगळे केले. त्यामुळे गज मागून घालता येतो. विंचेस्टरचा बोल्ट काढणं जास्त खटपटीचं, म्हणून लोक गज तोंडाकडून घालतात; आणि गोम इथेच आहे. गोळी शेवटची टेकते ती नळीच्या तोंडाच्या कडेला. गज घासून ती कड एका बाजूने झिजली की वायू वाकडा सुटतो, नेम बिघडतो. म्हणजे निगा राखता राखताच वस्तू खराब! तोंडाकडूनच घालायचा तर गज मधोमध ठेवणारं टोपण हवं.

नळीत सॉल्व्हंट फिरवायचं, पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, मग ब्राँझचा ब्रश, मग कोरडी चिंधी निघेपर्यंत चिंध्या. यात विशेष काही नाही.

तेलाचं मात्र नीट समजून घ्या. आपल्या मनात शस्त्राची निगा म्हणजे दसऱ्याला पुसून तेलाचा हात. पण जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं. मिठाचाच भाऊबंद, हवेतला ओलावा ओढणारा. तेलात मीठ विरघळत नाही. नळी चकचकीत दिसते आणि तेलाखाली गंज चढतो. तिथे आधी गरम पाणी, मग खडखडीत कोरडं करणं, आणि तेल शेवटी. काळी दारू वापरणाऱ्यांनाही हेच लागू. आजच्या काडतुसांना पाण्याची गरज नसते, हेही सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कुणीतरी बादली घेऊन बसेल!

तेलही पातळ थरापुरतंच. जास्तीचं ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होऊन खटके सुस्तावतात. म्हणून तो शेजारी रायफल पहिली रात्र तोंड खाली करून ठेवतो.

जोडताना त्याची एकच सूचना होती: रिकामं काडतूस बाहेर फेकणारी बारीक पट्टी बोल्ट काढल्यावर सुटून पडते. बोल्टाच्या आधी ती खाचेत बसवायची. ती टेबलावरच राहिली, तर रायफल बाहेरून पूर्ण दिसते आणि झाडलेलं काडतूस आतच राहतं.