सह्याद्री, सातपुडा की हिमालय? जरा आकडे मांडू!

दिवाळीत आठ दिवसांची रजा आहे, पाय शिवशिवतायत, डोंगरात चालायला जायचंय. पण कुठल्या डोंगरात? जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थहून निघणाऱ्याला तिन्ही लांबच. मग आकडेच मांडू या!

चालण्याचा वारसा तर या गावाला आहेच. 1608 साली इथे जन्मलेले समर्थ रामदास बारा वर्षं तीर्थाटनात पायी हिंडले, पार हिमालयापर्यंत, असं परंपरा सांगते. रोजचे नुसते 10 किलोमीटर धरा. बारा वर्षांचे होतात 43,800! विषुववृत्तावरून पृथ्वीला वेढा पडतो 40,075 किलोमीटरचा. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होऊन वर 3,700 शिल्लक! मुंबई-पुणे रेल्वेमार्ग 192 किलोमीटरचा. त्या मापाने 228 खेपा, त्याही पायी!

आता डोंगरांची लांबी. सातपुडा सुमारे 900 किलोमीटर, म्हणजे पावणेपाच वेळा मुंबई-पुणे. सह्याद्री गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंत 1,600, आठ वेळा. हिमालय 2,400, साडेबारा वेळा!

उंचीत तर हिमालय कुणाला हातच लावू देत नाही. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर. पाच कळसूबाया एकीवर एक रचा, तरी एव्हरेस्ट वर 600 मीटर उरतंच! हिमालयातली संदकफूसारखी साध्या चालणाऱ्याची वाटसुद्धा 3,636 मीटरवर जाते, दोन कळसूबायांच्या वर.

मग सह्याद्री हरला? थांबा, वय काढू. हजार वर्षांना एक रुपया लावा. समर्थांच्या जन्मापासून आजवरचे झाले जेमतेम 40 पैसे. हिमालय भूखंडांच्या ज्या टकरीतून उभा राहिला ती सुरू झाली 5 कोटी वर्षांपूर्वी: 50 हजार रुपये. आपल्या कड्यांचा लाव्हा वाहिला 6.6 कोटी वर्षांपूर्वी: 66 हजार!

आणि तो लाव्हा किती? बेताचा अंदाजच 5 लाख घन किलोमीटरचा! जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरला तर 102 टीएमसी, जेमतेम 3 घन किलोमीटर. म्हणजे पावणेदोन लाख नाथसागर, पाण्याऐवजी लाव्हाने भरलेले! विहिरीच्या मापाने बघा. मराठवाड्यात मुरूम संपून काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय विहीर इंचभर खाली जात नाही. तोच हा लाव्हा, थिजलेला. 10 मीटर रुंद, 20 मीटर खोल विहीर धरा. अशा जवळपास 32 हजार कोटी विहिरी भरतील! 2011 च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला वाटल्या तर माणशी 2,800!

आता हा दगड मालगाडीत भरा. एका गाडीत चार हजार टन. दर मिनिटाला एक गाडी सोडा. रात्र नाही, रविवार नाही, सिग्नल नाही. शेवटची गाडी सुटेपर्यंत जातील जवळपास 7 लाख वर्षं! आणि गंमत ऐका: लाव्हाचा मोठा लोंढा बाहेर पडायलाही अभ्यासक दहा लाखांहून कमीच वर्षं सांगतात. म्हणजे जमिनीच्या पोटातून सरासरी मिनिटाला मालगाडीभर दगड निघत होता, लाखो वर्षं!

तेव्हा उंची हवी तर हिमालय, पण पहिला मान सह्याद्रीचा. पाऊस ओसरला की बारी गावातून कळसूबाईची वाट धरा, लोखंडी शिड्या चढा आणि समोरच्या कड्यांवरचे आडवे पट्टे मोजा. लाव्हाचे लोट एकावर एक थिजलेत. आता रजेचा हिशोब: रोजचे 20 धरले तर आठ दिवसांत 160 किलोमीटर. त्या वेगाने सह्याद्रीला दहा दिवाळ्या, सातपुड्याला सहा, हिमालयाला पंधरा. एकूण एकतीस! रजेचा पहिला अर्ज आजच टाका.