आधी बॅटरी, मग मशीन

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेशन शॉपचे अर्धे काम शेडमध्ये होते आणि अर्धे गिऱ्हाइकाच्या जागेवर. गेट शेडमध्ये तयार होते, पण बसवायचे असते सोसायटीच्या कंपाउंडला. कांदाचाळीचा सांगाडा इथे वेल्ड होतो, पण त्यावर पत्रे चढतात निफाड नाहीतर येवल्याकडच्या मळ्यात. कॉर्डलेस मशीन घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठल्या कंपनीचे घेऊ?’ असा. त्याआधी विचारायला हवे, की आपले कोणते काम बॅटरीवर जाण्यासारखे आहे आणि कोणते नाही. त्याचे उत्तर चौथीच्या गणितात मिळते.

९० वॉट-अवरचा हिशोब

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर असे लिहिलेली बॅटरी म्हणजे १८ गुणिले ५, एकूण ९० वॉट-अवर. एवढीच तिची शिदोरी. चार इंची ग्राइंडर दाबून चालवला आणि त्याने सरासरी ७०० वॉट ओढले, तर ती साधारण साडेसात मिनिटांत संपते. तीच बॅटरी स्क्रू मारायला लावा. एका स्क्रूला तीन सेकंद आणि ४०० वॉट धरले, तरी कागदावर अडीचशेच्या पुढे स्क्रू बसतात. प्रत्यक्षात आकडे थोडे खाली येतील, पण प्रमाण तेच राहील.

म्हणून वेल्डिंगचे टाके घासणे, चॅनल कापणे, कटऑफ मशीन, मॅग्नेटिक ड्रिल ही कामे शेडमध्ये वायरवरच ठेवावीत. भिंतीवर २३० व्होल्टचा बोर्ड असताना, तासन्‌तास एकाच टेबलावर चालणारा ग्राइंडर बॅटरीवर नेण्यात काही शहाणपण नाही. थोडा वेळ, थांबून थांबून आणि जागा बदलत होणारे काम बॅटरीचे. सतत धातू खाणारे काम वायरचे.

१८, २०, २१ आणि ८८

बाजारात एकाच आकाराच्या बॅटरीवर १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स, २१ व्होल्ट असे वेगवेगळे आकडे दिसतात. आत बहुधा पाचच लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरला की १८ येतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणून २१. ताकद तीच, फक्त मोजण्याची वेळ वेगळी. १२ व्होल्टच्या छोट्या मशीनमध्ये असे तीन सेल असतात. पॅनेल वायरिंगवाल्याला किंवा फर्निचरच्या सुताराला ते पुष्कळ होते, आणि हातही दुखत नाही.

नकली मालावर ‘८८’, ‘१२८’ असे आकडे छापलेले असतात. त्यांना काही अर्थ नाही. अशा बॅटरीची बाहेरची पेटी दहा सेलची असते आणि आत पाचच निघतात, हा प्रकारही नवा नाही. हातात घेऊन वजन पाहणे ही साधी परीक्षा आहे.

पाच सेल की दहा?

इथे जरा थांबायला हवे, कारण खरेदीतली मोठी चूक इथेच होते. वायरचा ग्राइंडर २३० व्होल्टवर ७०० वॉट ओढतो तेव्हा प्रवाह तीन-साडेतीन अँपिअर असतो. तेच ७०० वॉट १८ व्होल्टवर मिळवायचे तर जवळजवळ ३९ अँपिअर लागतात. लहान, २ किंवा अडीच अँपिअर-अवरच्या बॅटरीत पाच सेलची एकच ओळ असते, आणि हा सगळा प्रवाह त्या एका ओळीतून जातो. ४ किंवा ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा पाच-पाचच्या दोन ओळी समांतर असतात, त्यामुळे प्रत्येक सेलवर निम्मा भार येतो. सेलमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे निम्म्या प्रवाहाला तो सेल चौथाई तापतो.

मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालत नाही, तर मशीनला जोरही देते. लहान बॅटरीवर ग्राइंडर दोन मिनिटांत दम टाकतो आणि दोष मशीनच्या माथी जातो. ड्रिल-ड्रायव्हरला लहान बॅटरी चालते, शिडीवर हलकी पडते म्हणून बरीही. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ आणि रोटरी हॅमर यांना मात्र ४ च्या खालची बॅटरी लावू नये.

एकदा बॅटरी ठरली की कंपनी ठरली. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. बॉशची अँपशेअरसारखी युती आहे, पण असे अपवाद थोडे. म्हणून पुढच्या तीन मशिनांचा विचार करून पहिले घ्यावे. दोन बॅटऱ्या आणि चार्जर असलेला सेट एकदा घेतला की पुढची मशिने बिनबॅटरीची, स्वस्तात घेता येतात. आणि हो, त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाशकात आहे का, सुट्या भागांसाठी मुंबईची वाट पाहावी लागते का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

मळ्यातले काम

द्राक्षाच्या मंडपाचे उभे अँगल, कांदाचाळीचे छप्पर, शेडनेटचे पाइप या कामांत बॅटरी आपली किंमत वसूल करते. मळ्यात वीज असली तरी बोर्ड शंभर-दोनशे मीटरवर असतो. तिथून बारीक वायर ओढली की व्होल्टेज पडते, मोटर तापते आणि वायर ओल्या मातीत लोळते ती वेगळीच.

पत्र्यासाठी लोक इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतात, ते बरोबर आहे. आतला हातोडा बिटला फिरत्या दिशेने ठोके देतो, त्यामुळे जोर भरपूर मिळूनही मनगट पिळवटत नाही. पण त्याला थांबायचे कळत नाही. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित फुगून पत्र्याला बसायला हवा. इम्पॅक्ट अर्धा सेकंद जास्त दाबला की तो चिरडून कडेने बाहेर येतो. उन्हाळ्यात काही दिसत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस सुरू झाला की गिऱ्हाइकाचा फोन येतो. शेवटचे दोन फेरे कमी वेगावर घ्यावेत, किंवा क्लच असलेले ड्रिल वापरावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टलाही हेच लागू, कारण इम्पॅक्टवर त्याचे डोके सहज तुटते. बारा-सोळा मिलिमीटरच्या बोल्टांना चौकोनी ड्राइव्हचा इम्पॅक्ट रेंच वेगळा मिळतो.

बॅटरीची छाटणी-कात्री आता द्राक्षबागांत दिसू लागली आहे. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला ती मजुराच्या मनगटाचे श्रम खूपच हलके करते. मात्र ती बोटही तितक्याच सहज कापते.

ब्रशलेस घ्यावे का?

रोजच्या वापराला घ्यावे. कार्बन ब्रश नसल्याने घर्षण कमी, झीज कमी, आणि त्याच बॅटरीवर काम जास्त. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या मशीनला जादा पैसे घालू नयेत. एक गैरसमज मात्र काढायला हवा. ब्रशलेस आहे म्हणून थिनर-पेंटच्या वाफेत ते सुरक्षित होत नाही.

पत्र्याच्या शेडमधला चार्जर

नाशिकची हवा थंड म्हणून प्रसिद्ध असली तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. बहुतेक चार्जर चाळीस-पंचेचाळीस अंशांपुढे बॅटरी घेत नाहीत, दिवा लुकलुकत राहतो. चार्जर बिघडला असे समजून लोक तो बदलायला नेतात. ग्राइंडरवरून काढलेली गरम बॅटरी वीस-तीस मिनिटे सावलीत ठेवून मग लावावी. चार्जरची फळी ग्राइंडिंगच्या ठिणग्यांपासून दूर, भिंतीच्या थंड बाजूला असावी. लोखंडाची बारीक भुकटी बॅटरीच्या टोकांत शिरली तर शॉर्टची भीती असते, म्हणून टोकांवर प्लॅस्टिकची टोपी हवीच. सुट्या बॅटऱ्या खिळ्या-स्क्रूच्या पिशवीत टाकू नयेत.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये आणलेले कॉर्डलेस ड्रिल त्याच बॅटरीवर चालत होते. २००५ च्या आसपास या हत्यारांत लिथियम आले आणि तो नियम उलटला. जोर कमी झाला की लगेच बॅटरी बदलावी, ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबून शेवटचा थेंब काढू नये. महिनाभर वापर नसेल तर अर्धी भरून ठेवावी. प्रत्येक बॅटरीवर मार्करने खरेदीची तारीख आणि क्रमांक लिहिला की कोणती दमते आहे ते दोन महिन्यांत कळते.

अमेरिकेतला भाचा येताना सेट घेऊन येतो, तेव्हा चार्जरवरचा मजकूर वाचावा. तिकडचा चार्जर १२० व्होल्टचा असेल तर इथल्या २३० वर तो क्षणात जातो. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, चेक-इन सामानात ती चालत नाही.

गार्ड काढू नका

वायर गेली म्हणून ग्राइंडर सौम्य होत नाही. उलट वायर आड येत नसल्याने तो वेड्यावाकड्या कोनात धरला जातो. चार इंची डिस्कवर बहुधा १५,२०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, सात इंचीवर साधारण ८,५०० ची. चार इंची मशीन ११,००० च्या आसपास फिरते, म्हणजे गार्ड काढून मोठी डिस्क बसवणे हे फुटण्याला आमंत्रण आहे. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावूच नये. डिस्क किंवा बिट बदलताना आधी बॅटरी काढावी. वायरच्या मशीनचा प्लग काढायची सवय असते, इथे प्लगच नसल्याने ती सुटते.

मेलेली बॅटरी

मशीन पाच-सात वर्षे चालते, बॅटरी बहुधा त्याआधी जाते. सेल बदलून देणारे कारागीर आहेत, पण जुन्या-नव्या सेलची सरमिसळ आणि काढून टाकलेले संरक्षक सर्किट यांतून आगी लागतात. फुगलेली किंवा पडून तडकलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. भंगारात इतर लोखंडाबरोबर टाकली तर दाबाखाली ती पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर न्यावी, आणि नवी घेताना जुनी घेतात का हे तिथेच विचारावे.