मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

ऑगस्ट 2019 मध्ये इंडियन सुपर लीगमधला पुण्याचा संघ, एफसी पुणे सिटी, गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ उभा राहिला. जेमतेम दीड वर्ष आधी, मार्च 2018 मध्ये, मार्सेलिन्हो आणि अल्फारो यांच्या जोरावर हा संघ उपांत्य फेरीत पोचला होता आणि बालेवाडीत त्याने बेंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखले होते. त्याआधी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी 2015 मध्ये बंद झाला होता. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये बाहेर पडला. 2014-15 च्या हंगामात या शहरात एकाच वेळी तीन मोठे व्यावसायिक संघ होते. पाच वर्षांत त्यातला एकही उरला नाही. कुणाकडचा पैसा आटला, कुणाच्या मालकाचा रस संपला, कुणाचा मूळ धंदाच अडचणीत आला. कारणे निरनिराळी असली तरी एक गोष्ट चौघांतही सारखी होती. सगळ्यांचे घरचे मैदान बालेवाडीचे होते आणि ते त्यांच्यापैकी कुणाचेच नव्हते.

म्हणून पुण्यात पुन्हा एखादा संघ उभा राहील आणि त्याच्यासाठी स्टेडियम बांधायची भाषा सुरू होईल, तेव्हा समर्थकांनी चर्चा कशाची करायची हे आत्ताच ठरवून ठेवावे, असे मला वाटते. जगभर नव्या स्टेडियमचे काम सुरू झाले की चाहते त्यात रंगून जातात. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबने 1892 पासूनचे गुडिसन पार्क सोडून मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीत सुमारे 53 हजार आसनांचे स्टेडियम बांधले. 2021 ते 2025 या काळात त्याची एकेक तुळई चढताना चाहते ड्रोनच्या चित्रफितींतून पाहत होते आणि छताच्या उतारापासून खुर्च्यांच्या रंगापर्यंत वाद घालत होते. हा उत्साह मोलाचा आहे. पण स्टेडियम किती मोठे आणि किती देखणे, यात तो खर्ची पडला तर खरे प्रश्न निसटतात. मैदान फुटबॉलसाठीच आहे का, आणि त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे पाया भरण्याआधीच मागावी लागतात. काँक्रीट ओतल्यावर फक्त खुर्च्यांचा रंग बदलता येतो.

आधी मैदानाकडे पाहू. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले आणि 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. मुख्य स्टेडियममध्ये हिरवळीभोवती धावपट्टी आहे. प्रमाणित 400 मीटरच्या धावपट्टीचे गणित असे: सरळ भाग सुमारे 84 मीटरचा, वळणाची त्रिज्या साडेछत्तीस मीटर. म्हणजे आतल्या मोकळ्या जागेची लांबी 157 मीटर होते. फुटबॉलचे मैदान 105 मीटरचे. दोन्ही गोलांमागे 26-26 मीटर जागा उरते आणि तिच्यापलीकडे आठ मार्गिकांचे आणखी दहा मीटर. पहिल्या रांगेत बसलेला प्रेक्षकसुद्धा गोलरेषेपासून 36 मीटर लांब राहतो. निव्वळ फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये हेच अंतर आठ-दहा मीटर असते. कॉर्नर किक घेण्यापूर्वी खेळाडू कुणाला खुणावतो आहे, बचावपटू शर्ट ओढतो आहे की नाही, गोलरक्षक आपल्या भिंतीला काय ओरडून सांगतो आहे, हे सगळे या अंतरात विरून जाते. आवाजाचेही तेच. स्टँडमधली घोषणा मैदानात उतरेपर्यंत तिच्यातला जोर गेलेला असतो, आणि पाहुण्या संघाला ज्या दडपणाची भीती वाटावी ते दडपण तयारच होत नाही.

हे दुखणे एकट्या पुण्याचे नाही. इटलीत युव्हेंटससारखा बलाढ्य क्लब 1990 नंतर ट्युरिनच्या देल्ले आल्पी स्टेडियमवर खेळत होता. तिथे सुमारे 69 हजारांची सोय होती, पण मध्ये धावपट्टी होती आणि स्टँड बहुतेक वेळा ओस पडलेले असत. अखेर क्लबने ते पाडून त्याच जागी 2011 मध्ये 41 हजारांचे, मैदानाला खेटून उभे असलेले स्टेडियम बांधले. आसने कमी झाली आणि मैदान भरू लागले. दाव्हिद त्रेझेगे या फ्रेंच खेळाडूने आपल्या ऐन उमेदीची वर्षे त्या देल्ले आल्पीवर काढली, आणि 2014 मध्ये तो पुण्याकडून खेळायला आला तेव्हा त्याच्या वाट्याला बालेवाडीत पुन्हा धावपट्टीच आली.

यावर ॲथलेटिक्सवाले म्हणतील की मग काय आमची धावपट्टी उखडायची? मुळीच नाही. बालेवाडी धावपटूंसाठी बांधले गेले आणि त्यावर पहिला हक्क त्यांचाच आहे. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवरून फुटबॉल क्लब आणि ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक यांच्यात जुंपली होती, तशी वेळ पुण्यात येऊ नये. फुटबॉलला दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड थाटावे लागते, हीच तक्रार आहे.

आता मालकीकडे येतो. नवे कोरे स्टेडियम असूनही क्लब बेघर होऊ शकतो, याचा दाखला इंग्लंडच्या कॉव्हेंट्री सिटीने दिला आहे. 2005 मध्ये हायफील्ड रोड हे शंभरावर वर्षांचे मैदान सोडून क्लब भव्य रिको अरेनात गेला, पण भाडेकरू म्हणून. भाड्याचे आणि मालकीचे वाद चिघळले आणि 2013-14 मध्ये घरचे सामने नॉर्थहॅम्प्टनला, तर 2019 ते 2021 या काळात बर्मिंगहॅमला खेळावे लागले. स्टेडियम पाहून हरखलेल्या चाहत्यांनी भाडेकराराची कलमे आधी मागितली असती तर हे टळलेच असते, असा दावा मी करणार नाही. पण निदान धोका सगळ्यांच्या नजरेत राहिला असता.

पुण्याच्या सर्वांत जवळची गोष्ट मात्र विम्बल्डनची आहे. 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणाऱ्या या क्लबने 1991 मध्ये प्लाउ लेन हे आपले मैदान सोडले आणि बारा वर्षे क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाड्याने काढली. मैदान नसलेला क्लब उचलून न्यायला सोपा असतो. 2002 मध्ये त्याला मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली. तेव्हा समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये नेला. 2020 मध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवे प्लाउ लेन उभे राहिले. ते जेमतेम नऊ हजारांचे आहे. पैसे कमी पडले तेव्हा चाहत्यांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. पहिल्या सामन्याला कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, तरी क्लबवर आणि मैदानावर नियंत्रण त्यांच्या ट्रस्टचेच होते. लीगमधल्या हैदराबादला गेलेल्या आपल्या जागेचे काय झाले, तेही पाहा. हैदराबादने 2022 मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले, आणि 2025 मध्ये तो संघ तिथूनही उठला व स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्याबरोबरच 2019 मध्ये दिल्ली डायनामोजही भुवनेश्वरला गेला होता. ज्याला कुठे मूळच धरू दिलेले नाही, तो कुठेही रुजत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे खरे, पण पुण्याचे संघ पैशाअभावी बंद पडले, मैदानाअभावी नाही. बरोबर आहे. मालकाचा खिसा रिकामा झाल्यावर कुठलीही हिरवळ त्याला वाचवत नाही. फरक त्यानंतर काय उरते, यात पडतो. याचे उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. पुण्यात क्रिकेटही महापालिकेच्या नेहरू स्टेडियमवर परक्यासारखेच होते. ती अडचण ओळखून महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम बांधले आणि 2012 मध्ये ते सुरू झाले. त्यानंतर आयपीएलमधला पुणे वॉरियर्स गेला, रायझिंग पुणे सुपरजायंट आला आणि गेला. बांधकामाचे कर्ज थकले तेव्हा 2018 मध्ये बँकांनी प्रतीकात्मक ताबाही घेतला. तरी मैदान जागेवर राहिले आणि 2023 च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे झाले. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या तिकिटांवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसल्यावर मुंबई क्रिकेट संघटनेने वर्ष-सव्वा वर्षात वानखेडे उभारले आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे कसोटी खेळवली, ही हकीकत मराठी क्रीडारसिकाला पाठ आहे. ज्यांनी वानखेडेचा आराखडा केला त्याच शशी प्रभूंनी बालेवाडीचे संकुलही रचले. क्रिकेटने आपले घर बांधले, फुटबॉल मात्र दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हंगामात घरचे दहा-बारा सामने, तेवढ्यासाठी या महागड्या शहरात जमीन कोण अडकवणार? गहुंजेसारखे 37 हजारांचे काही बांधायचे म्हटले तर हा आक्षेप मान्य करावाच लागेल. पण नऊ-दहा हजारांचे मैदान, ज्यावर सकाळी अकादमीची मुले, संध्याकाळी जिल्हा लीग, शनिवार-रविवारी शाळांचे आणि मुलींचे सामने होतील, ते वर्षभर राबते. 2022 च्या महिला आशियाई चषकाचे सामने बालेवाडीत झाले, पण त्या स्पर्धेतून पुण्यातल्या मुलींना रोज खेळायला मिळेल असे मैदान काही निघाले नाही. जागेचा प्रश्नही प्रेक्षकाला विचारूनच सुटतो. कॅम्प, खडकी, पिंपरी इथला फुटबॉलवेडा माणूस रात्री साडेनऊला सामना सुटल्यावर घरी कसा जाईल, हे त्यालाच माहीत असते. एफसी पुणे सिटीच्या काळात बालेवाडीला मेट्रो नव्हती, आणि नव्या मैदानाची जागा शोधताना नकाशावर आधी मेट्रोची स्थानके पाहावीत.

कोल्हापूरकडे पाहिले की यातले बरेचसे आपोआप स्पष्ट होते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. राजर्षी शाहू स्टेडियम शहराच्या मध्यात आहे आणि स्थानिक फुटबॉलचा सगळा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे आहे. तिथे ईर्ष्या कधी हाणामारीपर्यंत जाते, हे मान्यच करावे लागेल आणि त्याचा बंदोबस्तही हवा. पण पाटाकडील तालीम कुणी विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेईल, हा विचारही तिथे कुणाच्या मनात येत नाही. अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो अशाच मातीतून आलेला.

तेव्हा पुण्यात पुढचा उद्योगपती संघ घेऊन येईल आणि स्टेडियमचे रंगीत चित्र दाखवेल, त्या दिवशी समर्थकांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण त्याआधी जागेची कागदपत्रे, भाडेकराराची मुदत आणि गोलरेषेपासून पहिल्या रांगेचे अंतर लेखी मागावे. चाहत्यांची संघटना नोंदणीकृत असावी आणि मैदानाच्या ट्रस्टवर तिचे प्रतिनिधी असावेत, ही अट हंगामी तिकीट घेण्याआधी घालावी. क्लबला चाहत्यांची गरज सर्वांत जास्त असते ती सुरुवातीलाच, म्हणून ही अट घालायची वेळही तीच.